महिला समितीतले पुरुष

आमच्या नगरपरिषदेत सभेला स्वतः यावं लागणारी नगरसेविका मी एकटीच होते. बाकीच्यांची सोय होती. त्यांना नवरे होते. माझे यजमान एसटीत कंडक्टर होते, ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यामुळे माझ्या वतीने खुर्चीत बसायला, टेबल वाजवायला आणि चहात बिस्किट बुडवायला घरात दुसरं कुणी नव्हतं. दीर होता म्हणा. मी निवडून आले त्याच आठवड्यात तो पांढरेशुभ्र कडक कपडे घालून आला आणि म्हणाला, "वहिनी, सभेचं मी बघतो. तुम्ही दुकान बघा."

मी म्हटलं, "भाऊ, उलट करू. सभा मी बघते, तुम्ही दुकानात ब्लाउजला हुक लावा."

तेव्हापासून तो आमच्याकडे फक्त दिवाळीला येतो.

गावाचं नाव सांगत नाही. जळगावहून धुळ्याला जाताना लागतं, एवढं पुरे. नाव सांगितलं तर आमचे लोक रागावतील आणि शेजारच्या गावचे त्याहून जास्त रागावतील, कारण त्यांच्याकडेही हेच चालतं आणि नाव मात्र आमचं होईल. भाजीबाजाराच्या मागे माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा वॉर्डातल्या मोठ्या माणसांची आपापल्या बायकांवरून भांडणं लागली. एकाची बायको उभी राहिली तर दुसऱ्याची पडणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मग कुणाचीच बायको नसलेली बाई शोधताना त्यांना मी सापडले. लोकशाही अशीही माणसाला पावते.

निवडून आल्यावर मला महिला व बालकल्याण समितीत टाकलं. समितीत आम्ही पाच जणी. सभापती होत्या अक्का. गावात त्यांना सगळेच अक्का म्हणतात. पण सभापतींची गाडी, सभापतींचा सत्कार, सभापतींचा फोन असं कुणी म्हटलं की समजायचं, आबांबद्दल चाललंय. आबा म्हणजे अक्कांचे यजमान. उंच, भारदस्त माणूस, मिशी काळी केलेली, खिशाला पेन. लोक त्यांना तोंडावर 'सभापतीसाहेब' म्हणत आणि आबांना त्यात काही वावगं वाटत नसे. महिला दिनाला त्यांचाही सत्कार झाला होता. साडी तेवढी त्यांनी घरी नेऊन अक्कांना दिली. मन मोठं.

तर एके दिवशी राज्य सरकारकडून एका प्रस्तावित कायद्याचा मसुदा आला. नाव एवढं लांब होतं की वाचता वाचता मुख्याधिकाऱ्यांनी मध्ये पाणी प्यायलं. साध्या भाषेत अर्थ असा, की निवडून आलेल्या बाईच्या जागी तिचा नवरा, बाप, भाऊ किंवा मुलगा सभेत बसला, सही करू लागला, हुकूम सोडू लागला, तर त्याच्यावर कारवाई होणार आणि बाईचं पदही जाऊ शकणार. या मसुद्यावर राज्यभरच्या नगरपरिषदांनी आपलं मत कळवायचं होतं. सर्वसाधारण सभेने विषय ऐकला आणि एकमुखाने ठरवलं, की प्रश्न महिलांचा आहे, तेव्हा मत महिला समितीनेच द्यावं. सभेतल्या पुरुषांनी टेबलं वाजवली. त्यांतले निम्मे कुणाच्या ना कुणाच्या बायकोच्या खुर्चीवर बसलेले होते.

समितीच्या बैठकीला मी मागच्या छोट्या हॉलमध्ये गेले. आत चार पुरुष बसलेले. मधल्या खुर्चीत आबा. त्यांच्या शेजारी कापडदुकानवाल्यांचा मुलगा. त्यांचं घराणं मूळ राजस्थानचं, पण चार पिढ्यांपासून इथलंच. त्याची बायको आमच्या समितीची सदस्य. उरलेल्या दोघींचे नवरे मोबाइलमध्ये. मुख्याधिकारी तरुण होते, बाहेरगावचे होते आणि त्यांना बदली हवी होती, म्हणून ते कायम छताकडे बघून बोलत.

"या ताई, या," आबा म्हणाले. "तुमच्यासाठीच थांबलो होतो. महिला सदस्य असल्याशिवाय बैठक कशी सुरू करणार?"

"बाकीच्या महिला कुठे आहेत?" मी विचारलं.

"घरी. बिबड्यांचे दिवस आहेत ना. पापडांसाठी ज्वारीचं पीठ शिजत ठेवून बाईमाणूस उठून येईल का?"

मग चर्चा सुरू झाली. मी आयुष्यात बरीच भाषणं ऐकली, पण स्त्रीस्वातंत्र्यावर त्या दिवशी त्या चार पुरुषांनी केली तेवढी कळकळीची कधीच ऐकली नाहीत. कापडवाल्याचा मुलगा म्हणाला, हा कायदा म्हणजे स्त्रीशक्तीचा अपमान आहे. एकाने मोबाइलमधून मान वर काढून 'बरोबर' म्हटलं. आबा तर उठूनच उभे राहिले.

"आमच्या बायका काय अडाणी आहेत? त्यांना काय कळत नाही? सरकार कोण सांगणारं की नवऱ्याला पाठवू नका? स्वतः जायचं की नवऱ्याला पाठवायचं, हे ठरवायचं स्वातंत्र्य स्त्रीला पाहिजे. त्या स्वातंत्र्यावर हा घाला आहे, घाला!"

मी म्हटलं, "आबा, मग त्यांनाच बोलवून विचारू ना. फार तर बिबडे झाल्यावर."

"ताई, तुमचं वेगळं आहे," आबा मायेने म्हणाले. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की कुणी म्हणायला तोंड उघडलं की मी मान आधीच डोलावते.

ठराव झाला. समितीचा या कायद्याला तीव्र विरोध आहे. मी म्हटलं, माझं मत वेगळं आहे, तसं लिहा. लिहिणाऱ्या कारकुनाने आबांकडे बघितलं. आबा हसले. "लिही रे. ताईंचं एक मत. म्हणजे एकमतच झालं की!" चारही जण मनमोकळं हसले. कारकुनाने 'एकमताने' असं लिहिलं आणि वर 'सर्व महिला सदस्य उपस्थित' असंही लिहिलं. मुख्याधिकाऱ्यांना छताला काहीतरी सापडलं असावं. ते तिकडेच बघत होते.

दोन-तीन दिवसांनी अक्का माझ्या दुकानात आल्या. त्यांच्या भाचीचं लग्न पारोळ्याला होतं, ब्लाउजची कापडं घेऊन आल्या होत्या. सोबत कापडवाल्यांची सूनही होती. दुकानाच्या मागच्या बाजूला पडदा लावून मी मापं घेते. त्या पडद्याच्या आत नवरे येत नाहीत. आमच्या गावातली अशी ती एकच जागा असेल.

माप घेता घेता मी म्हटलं, "अक्का, परवाच्या बैठकीत तुम्ही फार जोरात बोललात म्हणे."

"कोन? मी?" त्यांनी वर केलेले हात खाली घेतले. "परवा ते मी बिबडा करी ऱ्हायंतू."

"नाही, तुम्ही उपस्थित होता. तसं लिहिलंय. ही पण होती."

सून हसायला लागली. मग मी ड्रॉवरमधून मसुद्याची प्रत काढली आणि दोघींना वाचून दाखवली. सूनबाई जळगावच्या कॉलेजातून एम.कॉम. झालेली. मी अर्ध्यावर असतानाच तिने प्रत माझ्या हातातून घेतली आणि उरलेलं भराभर वाचून काढलं. वाचताना तिचा चेहरा बदलत गेला.

"ताई, म्हणजे मला खरंच जाता येईल?"

"जाता तर तुला आत्ताही येतं. हा कायदा म्हणतो की तुझा नवरा जाऊ शकणार नाही."

ती प्रत पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. मला वाटलं होतं, ऐकून अक्का पेटून उठतील. त्यांनी टेप बाजूला केली आणि म्हणाल्या, "मी सांगू? माले हाऊ कायदा नको. मालक दिवसभर घर ऱ्हायनात ते मना जीव खातीन."

घरातल्या पुरुषाचं काय करायचं, हा प्रश्न सरकारच्या ध्यानात आलाच नव्हता. आबा सकाळी नगरपरिषदेत जातात तेव्हा घर कसं शांत होतं, अक्कांना हवं ते कसं करता येतं, हे त्यांनी मला खुलवून सांगितलं. नवरा सभापती झाल्यापासून अक्कांना पहिल्यांदा दुपारची झोप मिळू लागली होती. मी पंचवीस वर्षं ब्लाउज शिवतेय, पण बाईच्या मनाचं माप मला काही अजून नीट घेता येत नाही. मी शांतपणे त्यांच्या बाहीची उंची लिहून घेतली.

मग कळलं, की मत नुसतं लिहून पाठवून भागणार नाही. जळगाव आणि धुळे दोन्ही जिल्ह्यांची एकत्र सुनावणी धुळ्याला होती आणि सदस्यांनी स्वतः हजर राहायचं होतं. ओळखपत्रासकट. आबांच्या घरी अक्कांचं ओळखपत्र शोधायला अख्खा दिवस गेला. ते देवघरात, लक्ष्मीच्या फोटोमागे निघालं. सुरक्षित राहावं म्हणून आबांनीच ठेवलं होतं.

आबांच्या मोठ्या गाडीतून आम्ही निघालो. पुढे आबा, मध्ये आम्ही बायका, मागे बाकीचे नवरे दाटीवाटीने. पारोळा येईपर्यंत पाठांतर चाललं. आबांनी कागदावर मत लिहून आणलं होतं. अक्का सातवी शिकलेल्या, पण पोथी वाचणाऱ्या. वाचन खणखणीत. त्या म्हणत, "नवऱ्याला पाठवायचं की नाही, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य..." आणि आबा पुढच्या सीटवरून मान मागे वळवून, "'स्वातंत्र्य'वर जोर दे, जोर दे!" म्हणत. ड्रायव्हरलाही पाठ झालं असणार.

धुळ्याला हॉलच्या दारात एक महिला पोलीस उभी होती. तिने ओळखपत्रं बघून आम्हाला आत सोडलं आणि आबांच्या पुढे हात आडवा केला.

"फक्त महिला सदस्य."

आबांपुढे आयुष्यात कुणी असा हात आडवा केला नव्हता. घाईत, रागात ते बोलून गेले, "अहो, मीच महिला सभापती आहे!"

बाईने त्यांच्याकडे नखशिखांत बघितलं. मग मिशीकडे जरा जास्त वेळ बघितलं. म्हणाली, "असाल. पण कार्डावरचा फोटो वेगळा आहे."

मागच्या रांगेतल्या शिरपूरकडच्या बायका इतक्या हसल्या, की आबा कडेला जाऊन मोबाइल कानाला लावून उभे राहिले. मोबाइल बंद होता, तो भाग वेगळा.

आत समोर मंत्रालयातून आलेल्या अधिकारी बसल्या होत्या. कडक साडी, चष्मा दोरीला. एकेक नगरपरिषद उठत होती, कागद वाचत होती, बसत होती. जवळजवळ सगळ्या कागदांत 'स्वातंत्र्य' होतं आणि 'घाला' होता. दोन जिल्ह्यांतल्या नवऱ्यांनी एकमेकांना फोन करून हे मत ठरवलं होतं, हे लपत नव्हतं. बाईंच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. त्या नुसत्या लिहीत होत्या.

आमची पाळी आली. बोलणाऱ्यांची नावं आबांनी आधीच कळवली होती, त्यांत माझं नव्हतं. आधी सूनबाई उठली. मला वाटलं, ही बोलणार. तिने पदर सारखा केला, हातातल्या कागदाकडे बघितलं, लिहिलेलं वाक्य अगदी हळू वाचलं आणि बसली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. मी तिला दोष देत नाही. तिला त्याच कापडदुकानाच्या वरच्या घरात परत जायचं होतं. अक्कांनाही घरी जायचं होतंच, पण अक्कांच्या घरात आता सासू उरलेली नव्हती.

अक्का उठल्या. खणखणीत आवाजात सगळा कागद वाचला. 'स्वातंत्र्य'वर असा जोर दिला, की दाराबाहेर आबांना ऐकू गेलं असेल. वाचून झालं, कागदाची घडी घातली.

अधिकारी बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि सहज विचारलं, "हे तुमचं मत?"

आतापर्यंत हा प्रश्न त्यांनी कुणालाच विचारला नव्हता. बहुतेक कंटाळल्या असाव्यात.

अक्कांनी कागदाची घडी कमरेला खोचली. मग म्हणाल्या, "नही. हाई मना मालकनं मत शे. मनं येगळं शे. सांगू का?"

बाई म्हणाल्या, "सांगा ना."

"कायदा करा," अक्का म्हणाल्या. "पन मालकले एकदम घर धाडू नका, त्यास्ले काहीतरी काम द्या." लोक हसले. अक्का हसल्या नाहीत. त्या पुढे म्हणाल्या, "मी सभापती शे. बठ्ठा गाव म्हनस. पन मनी खुर्ची कोठे शे ते माले माहीत नही."

हसणं थांबलं. माझ्या शेजारी बसलेली शहाद्याकडची बाई पदर तोंडाला लावून रडायला लागली. ती तिकडे कशी आली होती देव जाणे, तिचा जिल्हा यादीत नव्हताच. अक्का खाली बसल्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

बाहेर येईपर्यंत बातमी आबांपर्यंत पोचली होती. धुळं सुटलं, मुकटी मागे गेलं, तरी गाडीत आवाज फक्त इंजिनाचा. पारोळ्याच्या अलीकडे रसवंती आणि चहाच्या टपरीपाशी आबांनी गाडी थांबवली आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांसाठी हुकूम सोडला, "सगळ्यांना चहा."

"माले रस," अक्का म्हणाल्या.

आबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग रस सांगितला. जरा वेळाने, आम्ही सगळे ऐकतोय हे विसरून, ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "असं सांगायचं होतं, तर मला घरी सांगायचं होतं ना आधी."

अक्का शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीन कव्हय घर ईसन सांगं का, सभामा काय झायं ते?"

माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं, की आपण कधी सांगितलं होतं का. तो आठवत बसला. चहा गार झाला.

पुढच्या बैठकीला अक्का आल्या. आबा दारापर्यंत सोडायला आले आणि आत न येता व्हरांड्यातल्या बाकावर बसले. शिपाई सवयीने चहा घेऊन आधी त्यांच्याकडे गेला. अक्का मधल्या खुर्चीत बसल्या. बाकीचे तीन नवरे उठून उभे राहिले, आणि आता बसायचं की जायचं हे न कळून तसेच उभे राहिले. मुख्याधिकाऱ्यांनी पहिल्यांदा छतावरून नजर खाली आणली.

बैठक लांबली. मध्येच अक्कांनी माझ्या कानात विचारलं, बायकांचं स्वच्छतागृह कुठे. मी म्हटलं, आहे, पण कुलूप आहे. आत ब्लीचिंग पावडरच्या गोण्या आहेत. मी शेजारच्या पतसंस्थेत जाते. अक्कांनी तिथल्या तिथे विषय घेतला. किल्ली कुणाकडे? आरोग्य विभाग म्हणाला बांधकामाकडे, बांधकाम म्हणालं आरोग्याकडे. शेवटी व्हरांड्यातून आबांचा पडेल आवाज आला, "माझ्याकडे आहे." गोण्या त्यांनीच ठेवायला लावल्या होत्या. जागा नुसती पडून होती, कुणी वापरत नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खोटं नव्हतं.

स्वच्छतागृह उघडलं. आमच्या समितीने एका राज्यव्यापी कायद्यावर एवढा विचारविनिमय करून गावाला दिलेलं ते भरीव योगदान.

कायद्याचं म्हणाल, तर तो अजून विचाराधीन आहे. सुनावणीचा गोषवारा आला, त्यात आमच्या गावापुढे लिहिलं होतं, 'समितीचा तीव्र विरोध. सभापतींच्या भावनांची नोंद घेतली.' सरकार भावनांची नोंद फार नीट ठेवतं.

कापडवाल्यांच्या सुनेचं मात्र वेगळंच झालं. अक्का जायला लागल्या, म्हटल्यावर तिनेही घरी विषय काढला. बरीच वादावादी झाली म्हणे. शेवटी तडजोड निघाली, की सून जाईल, पण एकटी नाही, सोबत सासूबाई जातील. म्हणून एका बैठकीला नवऱ्याऐवजी ती आली आणि तिच्या शेजारी सासूबाई आल्या. पहिला अर्धा तास त्या सुपारी कातरत बसल्या. मग त्यांच्या गल्लीतल्या दिव्याचा विषय निघाला आणि सासूबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. अशा काही कडाडल्या, की वीज विभागाचा माणूस उभाच राहिला. गटार झालं, पाणी झालं, कुत्री झाली. सून शेजारी मान खाली घालून बसलेली.

मी मसुदा काढून बघितला. नवरा, बाप, भाऊ, मुलगा. सासू नव्हती. मुंबईत बसून लिहिणाऱ्यांना खानदेशातली सासू कुठून ठाऊक असणार?

मी बाहेर आले तर व्हरांड्यात आबा अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालत होते. मला बघून थांबले आणि आवाज खाली करून म्हणाले, "ताई, हे काय चाललंय आत? निवडून न आलेल्या माणसाला सभेत बोलूच कसं देता तुम्ही?"